ध्रुव खरोखरच अढळ आहे का?



ध्रुवबाळाची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकलीच असेल. वडिलांच्या मांडीवरून सावत्र आईने उठवले म्हणून दुखावलेला तो पाच वर्षांचा मुलगा रानात जाऊन तप करतो आणि जिथून कोणीही उठवू शकणार नाही असे स्थान मिळवतो. आकाशातले बाकीचे तारे उगवतात, फिरतात, मावळतात. ध्रुव मात्र जागचा हलत नाही. 'अढळपद' हा शब्द आपल्या ओठी बसला तो या गोष्टीमुळे. लग्नात वधूवरांना ध्रुव दाखवण्याची चाल आहे, तीही याच अढळपणासाठी.

आता एक प्रश्न विचारतो. ध्रुव हलत नाही, हे तुम्ही स्वतः पाहिले आहे का? की गोष्टीत ऐकले, पुस्तकात वाचले आणि खरे मानले? रागावू नका. बहुतेक मोठ्या माणसांनीही ते पाहिलेले नसते. शिवाय नुसत्या डोळ्यांनी ते तपासणे सोपेही नाही. पण घरातला साधा कॅमेरा किंवा फोन, दोन विटा आणि उत्तरेकडे मोकळी असलेली गच्ची किंवा अंगण एवढ्या साहित्यावर एका रात्रीत या प्रश्नाचा निकाल लावता येतो. तो कसा लावायचा, हेच या लेखात पाहू.

डोळा आणि कॅमेरा

आपला डोळा हे अद्भुत इंद्रिय आहे, पण त्याला साठवण करता येत नाही. डोळ्यात येणारा प्रकाश सुमारे एक दशांश सेकंदापुरताच जमा होतो. मग नवे चित्र सुरू होते. म्हणून अंधुक ताऱ्याकडे तासभर टक लावून पाहिले तरी तो अधिक तेजस्वी दिसत नाही. कॅमेऱ्याचे तसे नाही. त्याचे झाकण जितका वेळ उघडे राहील तितका वेळ प्रकाश साचत जातो, नळाखाली ठेवलेल्या बादलीत पाणी साचावे तसा. थेंबथेंब गळणारा नळही रात्रभरात बादली भरतो.

दुसरा फरक आकाराचा. काळोखात आपली बाहुली फार तर ७ मिलिमीटर रुंद होते. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या चांगल्या कॅमेरा-भिंगाचे तोंड २८ मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणजे व्यास चौपट, क्षेत्रफळ सोळापट. एका क्षणात कॅमेरा डोळ्याच्या सोळापट प्रकाश गोळा करतो, आणि वर तो साठवतोही!

ही किमया ओळखणारे पहिले लोक एकोणिसाव्या शतकातले. १८५० साली अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत अभिजित ताऱ्याचे छायाचित्र घेतले गेले. सूर्य सोडून इतर ताऱ्याचे ते पहिले छायाचित्र. १८५७ साली तेथेच सप्तर्षींतील वसिष्ठ आणि त्याच्या शेजारची अरुंधती एका काचेवर उतरली. पुढे १८८३ साली लंडनजवळच्या ईलिंग येथे अँड्र्यू एन्स्ली कॉमन या गृहस्थांनी आपल्या घराच्या बागेतून मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. कॉमन हे धंद्याने अभियंता. खगोलशास्त्र हा त्यांचा छंद. अर्ध्या तासाहून अधिक वेळ उघड्या ठेवलेल्या त्या काचेवर असे तारे उमटले, की जे त्याच दुर्बिणीतून डोळ्यांना दिसत नव्हते. छायाचित्र हे नुसते स्मरणचित्र नसून वेध घेण्याचे साधन आहे, हे एका हौशी माणसाने घराच्या बागेतून दाखवून दिले.

तयारी काय करावी?

तुमच्याजवळ मोठा कॅमेरा असेल तर उत्तमच; नसेल तर ज्या फोनमध्ये हाताने मापे ठरवण्याची सोय आहे असा फोन चालेल. पुढील चार गोष्टी सांभाळा.

पहिली गोष्ट, स्थैर्य. हातात धरलेला कॅमेरा रात्री उपयोगाचा नाही. तिपाई नसेल तर दोन विटा आणि वाळूने भरलेली जुनी पिशवी घ्या. पिशवीत फोन किंवा कॅमेरा हवा तसा तिरका रुतवून बसवता येतो. फोन असेल तर विमान-स्थितीत ठेवा. मध्येच कोणाचा फोन आला आणि तो थरथरला तर सारी मेहनत वाया जाईल.

दुसरी गोष्ट, बोटाचा धक्का. बटण दाबताना कॅमेरा हलतोच. म्हणून दहा सेकंदांनी आपोआप चित्र घेण्याची सोय वापरा. तोपर्यंत थरथर थांबते.

तिसरी गोष्ट, नाभीयन. ते स्वयंचलित ठेवू नका, कारण काळोखात कॅमेरा चाचपडत राहतो. हाताने 'अनंत' अंतरावर लावा. नंतर चित्र मोठे करून पाहा. तारा बारीक ठिपक्यासारखा दिसला की काम झाले.

चौथी गोष्ट, उघडझापीचा काळ. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात; झाकण फार वेळ उघडे राहिले तर ठिपक्याची रेघ होते. यासाठी हौशी मंडळी एक साधा नियम वापरतात. ५०० या संख्येला भिंगाच्या नाभीय अंतराने, म्हणजे ३५ मि.मी. फिल्मच्या मापात सांगितलेल्या मिलिमीटरांनी, भागा. येईल तितके सेकंद झाकण उघडे ठेवा. फोनचे भिंग बहुधा २६ मिलिमीटरच्या जोडीचे असते. ५०० भागिले २६ म्हणजे सुमारे १९ सेकंद. ५० मिलिमीटरच्या भिंगाला १० सेकंद. हा नियम ढोबळ आहे, पण सुरुवातीला पुरेसा आहे. कॅमेऱ्याची संवेदनक्षमता ८०० वर ठेवा आणि चित्र फार उजळले तर कमी करा.

आणखी एक सावधगिरी. पुष्कळ फोन रात्रीचे चित्र स्वतःच 'सुधारतात'. बारीक तारे डाग समजून पुसतात, कडा कोरतात, रंग भरतात. असे चित्र भिंतीवर लावायला छान दिसते, पण पुरावा म्हणून निकामी असते. आपल्याला मोजमाप करायचे आहे. म्हणून सुधारणेच्या सर्व सोयी बंद करा.

ध्रुव शोधा

या प्रयोगाला एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतची अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा. महाराष्ट्रातून त्या दिवसांत रात्री आठ वाजता सप्तर्षी उत्तरेकडे चांगले वर आलेले असतात. त्यांच्या चौकोनातील पुढचे दोन तारे पुलह आणि क्रतू. पुलहाकडून क्रतूकडे रेघ ओढून ती त्या दोघांमधील अंतराच्या सुमारे पाचपट पुढे नेली की ध्रुव सापडतो.

ध्रुव क्षितिजापासून किती उंच दिसेल? तुमच्या गावाचे जितके अक्षांश, जवळजवळ तितकेच अंश. पुण्याहून साडेअठरा, मुंबईहून एकोणीस, नागपूरहून एकवीस, पणजीहून साडेपंधरा. हात लांब करून वीत पूर्ण फाकवली की ती डोळ्याशी सुमारे वीस अंशांचा कोन करते. म्हणजे आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम एक वीत वर असतो. समोर उंच इमारत असेल तर गच्ची बदला किंवा गावाबाहेरच्या मित्राकडे जा.

आता ध्रुवाच्या उजव्या बाजूला, एका विताहून थोड्या कमी अंतरावर, जवळजवळ ध्रुवाइतकाच तेजस्वी आणि किंचित तांबूस तारा शोधा. हा ध्रुवमत्स्याच्या दुसऱ्या टोकाचा तारा. त्याचे नाव कोकब. आपल्या प्रयोगात तो ध्रुवाचा साक्षीदार आहे.

प्रयोग

कॅमेरा असा रोखा की ध्रुव आणि कोकब दोन्ही चित्रात येतील, आणि कोकबच्या वर भरपूर मोकळी जागा राहील. शिवाय चित्राच्या खालच्या भागात शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीचा कोपरा, विजेचा खांब किंवा झाडाचे निष्पर्ण टोक, असे काहीतरी न हलणारे येऊ द्या. त्याचे महत्त्व लवकरच कळेल.

रात्री आठ वाजता एक चित्र घ्या. वहीत वेळ लिहा. मग कॅमेरा जसाच्या तसा ठेवून अकरा वाजता दुसरे चित्र घ्या. मधले तीन तास कोणी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला येणार नाही, याची व्यवस्था करा! अनेक चित्रे घेणे जमत असेल तर दर दहा मिनिटांनी एक घ्या. पण दोन चित्रांतही निकाल लागतो.

दुसऱ्या दिवशी ही चित्रे संगणकावर मोठी करून पाहा. टाकीचा कोपरा आरंभबिंदू माना. तेथून ध्रुव किती आडवा आणि किती उभा आहे, ते दोन्ही चित्रांत मोजा. पडद्यावरील ठिपके मोजता आले तर फारच छान. नाहीतर चित्र मोठे करून पट्टीने मोजा. दोन्ही चित्रांतले आडवे अंतर आणि उभे अंतर यांतील फरक काढा आणि पायथागोरसच्या प्रमेयाने ध्रुव एकूण किती सरकला, ते शोधा. कोकबसाठीही तसेच करा.

काय आढळेल? ४००० ठिपके रुंदीचे चित्र देणाऱ्या साधारण फोनमध्ये कोकब सुमारे ६०० ठिपके सरकलेला दिसेल. आणि ध्रुव? तोही सरकलेला दिसेल! फार नाही, सुमारे चोवीस ठिपके. पण सरकलेला, एवढे नक्की.

शंका घ्या

येथे थांबून शंका घ्यायला हवी. ध्रुव हलला की आपला फोनच वाळूत थोडा खचला? शास्त्रज्ञाच्या मनात पहिली शंका स्वतःच्या साधनाविषयी येते.

म्हणूनच आपण टाकीचा कोपरा चित्रात घेतला. फोन खचला असता तर कोपराही तितकाच सरकला असता. आपण सगळी अंतरे कोपऱ्यापासून मोजली, त्यामुळे त्या सरकण्याचा हिशेब आपोआप वजा झाला.

दुसरा पुरावा याहून मजेदार आहे. चित्रे नीट पाहिलीत तर कोकब वर चढलेला आणि ध्रुव किंचित खाली उतरलेला दिसेल. फोन कलला असता तर दोघेही एकाच दिशेने सरकले असते. ते विरुद्ध दिशांना गेले, याचा अर्थ ज्या बिंदूभोवती सारे आकाश फिरते, तो बिंदू या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. रहाटपाळण्याची एक बाजू चढताना समोरची बाजू उतरते, तसे हे आहे. तो आस-बिंदू म्हणजे खरा खगोलीय ध्रुव. तेथे डोळ्यांना दिसेल असा कोणताही तारा नाही. आपला ध्रुवतारा त्याच्या शेजारी राहतो, त्याच्यावर नाही.

शेजारी म्हणजे किती जवळ? तेही तुमच्या चित्रात आहे. ताऱ्यांच्या कोष्टकात कोकबची क्रांती सुमारे ७४ अंश दिलेली असते. म्हणजे खगोलीय ध्रुवापासून तो ९० वजा ७४, सुमारे १६ अंशांवर आहे. दोन्ही तारे एकाच बिंदूभोवती एकाच गतीने फिरतात, म्हणून त्यांच्या सरकण्याचे गुणोत्तर हेच त्यांच्या अंतरांचे गुणोत्तर. ६०० ला २४ ने भागले की २५ येतात. म्हणजे ध्रुव कोकबच्या पंचविसाव्या हिश्शाइतका जवळ आहे. १६ भागिले २५ म्हणजे ०.६४ अंश. वेधशाळांच्या मोजमापानुसार हे अंतर ०.६ अंशाहून थोडे अधिक आहे. भिंगामुळे चित्राच्या कडांकडे थोडी ओढाताण होते, त्यामुळे तुमचे उत्तर ०.५ किंवा ०.८ आले तरी नाराज होऊ नका. पट्टी आणि विटांच्या आधारे मिळालेले ते उत्तर आहे.

याच चित्रांवरून आणखी एक गणित करता येते. ध्रुव मध्यबिंदू धरून आठच्या आणि अकराच्या कोकबला जोडणाऱ्या दोन रेघा काढा आणि त्यांतला कोन कोनमापकाने मोजा. तो ४५ अंशांच्या आसपास येईल. तीन तासांत ४५, तासाला १५, म्हणून पूर्ण फेरीला २४ तास. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे वाक्य पहिल्यांदा तुमच्या स्वतःच्या हाताखालून गेले! काटेकोर मोजमाप केले तर ताऱ्यांची फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण होते. म्हणूनच कोणताही तारा रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतो.

मग गोष्ट खोटी का?

ध्रुव चोवीस तासांत जे वर्तुळ काढतो त्याचा व्यास सुमारे सव्वा अंश आहे. पौर्णिमेचे अडीच चंद्र शेजारी शेजारी ठेवावे तेवढा. इतक्या लहान वर्तुळातली हालचाल क्षितिजाजवळच्या ताऱ्यात डोळ्यांनी ओळखणे जवळजवळ अशक्य. तेव्हा ज्यांनी त्याला अढळ म्हटले, त्यांच्या निरीक्षणाला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. फिरणारा भोवरा डुलतो तसा पृथ्वीचा अक्षही डुलतो. या परांचन गतीची एक फेरी सुमारे २६ हजार वर्षांची. त्यामुळे खगोलीय ध्रुव ताऱ्यांमधून हळूहळू सरकत राहतो. दोन हजार वर्षांपूर्वी आजचा ध्रुवतारा त्याच्यापासून दहा अंशांहून अधिक दूर होता. सुमारे पावणेपाच हजार वर्षांपूर्वी कालेय तारकासमूहातला ठुबन नावाचा तारा ध्रुवपदी होता. आजचा ध्रुवतारा अजूनही जवळ येत आहे; सन २१०० च्या सुमारास तो अर्ध्या अंशाहूनही कमी अंतरावर येईल आणि मग पुन्हा दूर जाऊ लागेल. पद तेच राहते; त्यावर बसणारे बदलतात.

जपून ठेवलेल्या चित्रांचे मोल

ही चित्रे पाहून झाली की पुसून टाकू नका. तारीख, वेळ, गाव, भिंग, उघडझापीचा काळ आणि आकाशाची स्थिती वहीत लिहून ठेवा. नोंद नसलेले चित्र म्हणजे पत्ता नसलेले पाकीट.

अशा नोंदीतून काय मिळते, याचे एक उदाहरण पाहा. मृग नक्षत्रातील काक्षी हा तांबडा तारा एरवी रोहिणीपेक्षा तेजस्वी असतो. २०१९ च्या अखेरीस तो मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये रोहिणीहून स्पष्टपणे फिका झाला. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूपासून बनलेली धूळ आड आली, हे त्याचे एक मुख्य कारण असल्याचे पुढे संशोधनात दिसून आले. त्या हिवाळ्यात ज्या कोणी दर आठवड्याला एकाच जागेवरून, एकाच मापाने मृगाचे चित्र घेतले असेल, त्याच्या फोनमध्ये ही घटना आजही नोंदलेली असेल.

याहून विलक्षण उदाहरण अर्जेंटिनातील रोसारिओ शहराचे. तेथील व्हिक्टर बुसो हे कुलपे-किल्ल्यांचे काम करणारे गृहस्थ. सप्टेंबर २०१६ मध्ये आपल्या घराच्या छतावरून, नवा कॅमेरा तपासण्यासाठी, ते एका दीर्घिकेची चित्रे घेत होते. शहराचे आकाश उजळ, म्हणून थोड्या थोड्या वेळाची पुष्कळ चित्रे घेण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. चित्रे तपासताना आधी नसलेला एक ठिपका त्यांना दिसला, आणि तो क्रमाक्रमाने उजळत होता. ताऱ्याचा स्फोट होऊन त्याचा पहिला प्रकाश बाहेर पडतानाचा तो क्षण होता. त्या चित्रांवर आधारलेला शोधनिबंध २०१८ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. येथे नशिबाचा भाग मोठा खरा. पण आधीची चित्रे शेजारी ठेवून पाहिली नसती तर तो ठिपका कोणाच्या लक्षात आला असता?

आकाश फिके होत आहे

शेवटी एक काळजीची गोष्ट. शहरातून काढलेल्या चित्रात आकाश काळे न दिसता पिवळट-करडे दिसेल. तो दोष कॅमेऱ्याचा नाही. वर उधळलेला दिव्यांचा प्रकाश हवेतल्या धुळीवरून आणि कणांवरून परत खाली येतो. २०११ ते २०२२ या काळात जगभरातल्या सामान्य लोकांनी नुसत्या डोळ्यांनी केलेली ५० हजारांहून अधिक निरीक्षणे एकत्र करून २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार रात्रीचे आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत गेले. हाच वेग राहिला तर ज्या ठिकाणी मूल जन्मताना अडीचशे तारे दिसत, तेथे ते अठरा वर्षांचे होईपर्यंत जेमतेम शंभर दिसतील.

तुमच्या गावात काय होत आहे? हे सांगणारी नोंद बहुतेक गावांत कोणीच ठेवलेली नाही. ती तुम्ही ठेवू शकता. शाळेच्या गच्चीवर एक जागा खुणेने ठरवा. दरवर्षी एप्रिलमधल्या अमावास्येला, त्याच वेळी, त्याच मापाने ध्रुवाकडचे एक चित्र घ्या आणि त्यात किती तारे मोजता येतात ते लिहा. दहावीचा वर्ग शाळा सोडताना वही नववीच्या हाती देईल. शिक्षकांनीही हा उपक्रम जरूर मनावर घ्यावा. त्याला जवळजवळ खर्च नाही. उपाय होऊ शकतो, हेही खरे आहे. आपल्या महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ साली 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतातले असे ते पहिले उद्यान. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे खाली तोंड केलेले बसवण्यात आले. काळोख राखण्यासाठी गावे अंधारात ठेवावी लागली नाहीत.

तर मग येत्या एप्रिलमध्ये वर जाताना दोन विटा, वाळूची पिशवी आणि वही बरोबर न्या. आठ वाजता एक चित्र, अकरा वाजता दुसरे. कॅमेरा मात्र सूर्याकडे कधीही रोखू नका आणि गच्चीच्या कठड्यावर साहित्य ठेवू नका. उत्तर किती आले ते वहीत लिहा. ते या लेखातल्या आकड्याशी जुळले नाही, तर लेखावर विश्वास ठेवून आपला आकडा खोडू नका. पुढच्या रात्री पुन्हा मोजा.